गिटारीपुढें मायक्रोफोन कोठें ठेवावा?

विद्यार्थिमित्रहो, दोन वर्षांपूर्वीं आपल्या शाळेच्या वार्षिक संमेलनांत घडलेला एक प्रसंग तुमच्यापैकीं वरच्या वर्गांतील मुलांस आठवत असेल. दहावींतील एक विद्यार्थी गिटार घेऊन रंगमंचावर आला. मुलगा मूळचा अबोल. वर्गांत प्रश्न विचारला तरी उत्तर पुटपुटणारा. चार महिने खपून त्यानें एक गत बसविली होती. ती वाजविण्यास त्यानें आरंभ केला, तोंच मागच्या बांकांवरून "ऐकूं येत नाहीं!" असा ओरडा झाला. ध्वनिवर्धकाची व्यवस्था त्या दिवशीं आमच्याकडे होती. आम्हीं लगेच बटण फिरवून आवाज चढविला. गिटार होती तेवढीच राहिली, आणि कर्ण्यांतून अशी कर्कश किंकाळी उठली कीं, पुढच्या रांगेंतील लहान मुलांनीं कानांवर हात ठेवले. आम्हीं आवाज उतरविला, पुन्हां "ऐकूं येत नाहीं!" पुन्हां चढविला, पुन्हां किंकाळी. मुलें हसूं लागलीं. तो मुलगा क्षणभर थांबला, गिटार छातीशीं धरून उठला आणि नमस्कारहि न करतां आंत निघून गेला.

मुलें हसलीं तीं त्याला. पण चूक आमची होती. ती गोष्ट पुढें कित्येक दिवस आमच्या मनास डांचत राहिली. यंत्रांत बिघाड असावा, अशी प्रथम आम्हीं आपली समजूत घालून घेतली. परंतु दुसऱ्या दिवशीं त्याच यंत्रावर बक्षीस-समारंभांतील भाषणें सर्वांस स्पष्ट ऐकूं आलीं, तेव्हां ती सबबहि उरली नाहीं. मग आम्हीं या विषयावरील पुस्तकें वाचलीं, जाणत्या माणसांस विचारलें आणि रिकाम्या सभागृहांत अनेक संध्याकाळीं स्वतः प्रयोग केले. त्यांतून जें समजलें तें एका वाक्यांत सांगतां येण्यासारखें आहे: गिटारीचा आवाज मोठा करावयाचा असेल, तर बटणाला हात लावण्यापूर्वीं मायक्रोफोनला हात लावावा. तो कोणत्या जातीचा आहे, त्याचें तोंड कोणीकडे आहे आणि वाद्यापासून तो किती अंतरावर आहे, या तीन गोष्टींवर बहुतेक सर्व अवलंबून असतें. हीच गोष्ट कारणांसह सांगावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम वाद्याकडेच पाहूं. विजेवांचून वाजणाऱ्या साध्या गिटारीच्या तारा स्वतः फारच थोडी हवा हलवितात. एखादी तार भिंतींतील दोन खिळ्यांमध्यें ताणून छेडून पाहा. तिचा आवाज किती क्षीण असतो तें कळेल. गिटारींत तारेचें कंपन घोडीवाटे पुढच्या पातळ लाकडी फळीस मिळतें. ती फळी कंप पावूं लागते, आणि आंतील पोकळींतली हवा गोल छिद्रांतून आंतबाहेर होऊं लागते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली म्हणजे जसा एक जाड सूर निघतो, तसा या पोकळीचाहि एक स्वतःचा सूर असतो. अशा पोकळ्यांचा अभ्यास जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ (१८२१-१८९४) यांनीं केला होता. बहुतेक गिटारींत हा सूर सेकंदाला शंभर कंपनांच्या आसपास असतो. गिटारीची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असतां सेकंदाला सुमारें ८२ वेळां कंप पावते, तर सर्वांत बारीक तार सुमारें ३३० वेळां. म्हणजे पोकळीचा हा सूर जाड तारांच्याच शेजारीं बसतो.

यावरून ध्यानांत येईल कीं, गिटारीचा आवाज एकाच ठिकाणाहून निघत नाहीं. घोडी, फळी, छिद्र, मानेवरून सरकणारीं बोटें, या प्रत्येकापासून त्याचा निराळा अंश बाहेर पडतो. चार-सहा हात दूर बसलेल्या श्रोत्याच्या कानापर्यंत पोहोंचतांना हे सर्व अंश एकमेकांत मिसळतात आणि मगच त्यास गिटार ऐकूं येते. मायक्रोफोन मात्र वाद्याच्या अगदीं जवळ असतो. त्याला ही मिसळ आयती मिळत नाहीं. ती मिळेल अशी जागा आपणांस शोधून द्यावी लागते.

शिवाय हें वाद्य मुळांतच हलक्या आवाजाचें आहे. स्पेनमधील कारागीर आंतोनिओ दे तोर्रेस (१८१७-१८९२) यानें गिटारीचें अंग मोठें केलें, फळीच्या आंतल्या बाजूस लावावयाच्या पट्ट्यांची रचना सुधारली, आणि तिचा आवाज भरदार केला. आजची शास्त्रीय गिटार बहुतांशीं त्याच्याच नमुन्यावर बनते. विख्यात वादक आन्द्रेस सेगोव्हिया (१८९३-१९८७) हा मोठमोठ्या सभागृहांतहि ध्वनिवर्धकावांचून वाजवीत असे. पण तेथें श्रोते केवळ ऐकण्यासाठींच येत. आमच्या संमेलनांत पत्र्याच्या छपराखालीं शेंकडों मुलें, फिरते पंखे आणि पाहुण्यांच्या चहाच्या कपबशा असतात. तेव्हां यंत्राची मदत घेणें भागच आहे.

आतां ती किंकाळी कां उठते, तें पाहूं. मायक्रोफोन आवाज घेतो, ध्वनिवर्धक तो वाढवितो, आणि कर्णे, म्हणजे ज्यांस आपण स्पीकर म्हणतों त्या पेट्या, तो सभागृहांत सोडतात. पण कर्ण्यांतून निघालेला आवाज केवळ श्रोत्यांकडे जात नाहीं. त्याचा कांहीं भाग फिरून मायक्रोफोनकडे येतो, पुन्हां वाढतो, पुन्हां कर्ण्यांतून बाहेर पडतो. हें चक्र एका सेकंदांत अनेक वेळां फिरतें. गणितांतील चक्रवाढ व्याजाचें उदाहरण घ्या. शंभर भाग आवाज निघाला आणि फिरून येऊन नव्वदच भाग झाला, तर पुढच्या फेऱ्यांत तो ८१, मग ७३ असा घटत जाऊन विरून जाईल. परंतु शंभराचे एकशेंदहा झाले, तर पुढें १२१, १३३ असे वाढत वाढत थोड्याच वेळांत यंत्राची सर्व शक्ति तो एकच सूर खाऊन टाकील. ती किंकाळी म्हणजे असा एक सूर होय. सोरेन लार्सन या डॅनिश शास्त्रज्ञाच्या नांवावरून यास लार्सन परिणाम असें म्हणतात.

या हिशेबांत एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. आपण बटण फिरवितों तेव्हां गिटारीचा आवाज वाढतो हें खरें. पण फिरून येणारा आवाजहि तितक्याच पटीनें वाढतो. दोघांतील प्रमाण मुळींच बदलत नाहीं. गिटारीचा वांटा मोठा व फिरून येणाऱ्या आवाजाचा वांटा लहान करणें हें बटणाचें काम नव्हे. तें मायक्रोफोनच्या जागेचें काम आहे. त्या दिवशीं आम्ही हेंच विसरलों होतों, किंबहुना आम्हांस तें ठाऊकच नव्हतें.

अंतराचा हिशेब सोपा आहे. उघड्या जागेंत ध्वनि उगमापासून जसजसा दूर जातो तसतसा तो पसरतो, आणि अंतर दुप्पट झालें म्हणजे त्याचा दाब निम्मा होतो. उलट, अंतर निम्मे केलें कीं दाब दुप्पट होतो. मापनाच्या भाषेंत ही वाढ ६ डेसिबेलची होय. त्या दिवशीं आमचा मायक्रोफोन भाषणासाठीं असलेल्या उंच दांड्यावर, गिटारीपासून सुमारें ८० सेंटिमीटर दूर, मुलाच्या छातीकडे तोंड करून उभा होता. तोच २० सेंटिमीटरवर आणला असता, तर अंतर दोनदां निम्मे होऊन गिटारीचा दाब चौपट, म्हणजे १२ डेसिबेलनीं वाढला असता. आणि कर्ण्यांकडून फिरून येणाऱ्या आवाजांत जवळ जवळ कांहींच फरक पडला नसता. गिटार ही एक बिंदु नसून रुंद वस्तु असल्यामुळें अगदीं जवळ हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाहीं. पण अंदाजास तो पुरेसा आहे. भाषणें कां ऐकूं आलीं, याचें उत्तरहि येथेंच मिळतें. वक्त्याचें तोंड मायक्रोफोनपासून चार बोटांवर होतें, आणि वक्त्याचा गळा गिटारीहून मोठा होता.

अंतराचा असा जाणीवपूर्वक उपयोग करणारे वादकहि आहेत. अमेरिकेंतील नॅशव्हिल शहरीं 'ग्रँड ओल ऑप्री' या नांवाचा संगीताचा कार्यक्रम १९२५ पासून रेडिओवर होत आला आहे; १९४३ ते १९७४ या काळांत तो तेथील रायमन सभागृहांत होत असे. तेथील लोकसंगीताच्या जुन्या मंडळ्यांत गिटार, बँजो, फिडल आणि गायक हे सर्व एकाच मायक्रोफोनभोंवतीं अर्धवर्तुळ करून उभे राहत. ज्याची वाजविण्याची पाळी येई तो एक पाऊल पुढें येई, व पाळी संपतांच मागें सरे. बटण कोणी फिरवीत नसे. पायांनींच आवाज कमीजास्त होई.

आतां मायक्रोफोन कोणता घ्यावा, तें सांगतों. बाजारांत अनेक नांवें ऐकूं येतात. पण आपल्या कामापुरत्या त्यांच्या दोन जाती ओळखल्या म्हणजे झालें. पहिली जात डायनॅमिक. हिच्यांत एक पातळ पापुद्रा असून त्यास तारेचें लहानसें वेटोळें चिकटविलेलें असतें, व तें वेटोळें लोहचुंबकाच्या क्षेत्रांत हलतें. हवेच्या लाटांनीं पापुद्रा हलला कीं वेटोळें हलतें व त्यांत वीज उत्पन्न होते. जुन्या सायकलींच्या दिव्याचा डायनॅमो ज्या तत्त्वावर चाले तेंच हें तत्त्व. असा मायक्रोफोन दणकट असतो, पडझड सोसतो, आणि त्याला बाहेरून वीज पुरवावी लागत नाहीं. शुअर कंपनीचा १९६५ मध्यें निघालेला 'एसएम ५७' हा या जातीचा सुप्रसिद्ध नमुना असून तो आजहि वापरांत आहे.

दुसरी जात कंडेन्सर. हिच्यांत वेटोळें नसतें. अतिशय पातळ पापुद्रा आणि त्यामागें स्थिर चकती, या दोहोंमध्यें विजेचा संचय केलेला असतो. पापुद्रा हलला कीं दोहोंमधील अंतर बदलतें व त्याबरोबर विजेचा दाबहि बदलतो. अमेरिकेंतील ई. सी. वेंट यांनीं १९१६-१७ च्या सुमारास या जातीचा मायक्रोफोन तयार केला. पापुद्र्यास वेटोळ्याचें ओझें नसल्यामुळें तो बारीक तारांचीं चपळ कंपनें फार नीट पकडतो. नखाचा स्पर्श, स्वर विरत जातांना उरणारी झिणझिण, हें सर्व तो टिपतो. मात्र त्यास वीज पुरवावी लागते. ही वीज, बहुधा ४८ व्होल्ट, मिक्सर नांवाच्या यंत्राकडून त्याच केबलींतून जाते; तिला फँटम पॉवर असें म्हणतात. तिचें बटण दाबावयाचें राहिलें तर मायक्रोफोन मुका राहतो, आणि मग लोक विनाकारण केबली बदलीत बसतात. हा दोष आमच्याहि हातून घडलेला आहे.

शांत सभागृह, एकटा वादक आणि बसून ऐकणारे श्रोते असतील, तर लहान पापुद्र्याचा कंडेन्सर घेणें उत्तम. शेजारीं तबला, ढोलकी किंवा ड्रम वाजत असतील, अथवा यंत्र हातोहात फिरणार असेल, तर डायनॅमिक घेण्यांत शहाणपण आहे. त्याचा आवाज थोडा कमी नाजूक असतो. पण किंकाळी न फोडतां शेवटच्या बांकापर्यंत पोहोंचलेला साधा आवाज हा अर्ध्या वाटेवर तुटलेल्या नाजूक आवाजापेक्षां केव्हांहि बरा.

जातीपेक्षांहि महत्त्वाची गोष्ट म्हणजे मायक्रोफोनचा रोख. कांहीं मायक्रोफोन चोहोंकडून सारखेंच ऐकतात. रंगमंचावर ते बहुधा निरुपयोगी, कारण ते कर्ण्यांचेंहि तितक्याच आवडीनें ऐकतात. आपणांस हवा तो समोरून ऐकणारा व पाठीमागून बहिरा असलेला. त्याच्या ऐकण्याच्या क्षेत्राचें चित्र काढलें तर तें हृदयाच्या आकाराचें होतें, म्हणून त्यास कार्डिऑइड म्हणतात. हा समोरून पूर्ण, बाजूनें सुमारें निम्मे, आणि थेट पाठीमागून जवळ जवळ कांहींच ऐकत नाहीं. याचाच एक भाऊ सुपरकार्डिऑइड. तो समोर अधिक निमुळता ऐकतो. पण त्याची बहिरी बाजू थेट पाठीमागें नसून मागील दोन्ही कोपऱ्यांकडे, समोरच्या रेषेपासून सुमारें १२५ अंशांवर असते. हा फरक लक्षांत ठेवावा. वादकाला स्वतःचें वादन ऐकूं यावें म्हणून त्याच्यापुढें जो लहान कर्णा ठेवतात, तो कार्डिऑइडच्या अगदीं पाठीशीं ठेवावा, आणि सुपरकार्डिऑइडच्या बाबतींत मागच्या एका कोपऱ्याकडे सरकवावा. बहिरी बाजू ओळखून कर्णा तिच्याकडे लावणें, हें अर्धें काम होय.

आमची दुसरी चूक येथें होती. आमचे मोठे कर्णे रंगमंचाच्या मागच्या भिंतीशीं, वादकाच्या पाठीमागें उभे होते. मायक्रोफोनचें तोंड वादकाकडे, म्हणजेच कर्ण्यांकडे होतें. आम्हीं जणूं कर्ण्यांचेंच बोलणें त्याला ऐकावयास बसविलें होतें! कर्णे नेहमीं मायक्रोफोनच्या पुढें, रंगमंचाच्या पुढील दोन कोपऱ्यांत, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावे. मग मायक्रोफोनची बहिरी पाठ आपोआप त्यांच्याकडे येते.

तिसरी चूक अशी कीं, गिटारीपूर्वीं समूहगायन झालें होतें आणि त्याचे चारहि मायक्रोफोन तसेच चालू राहिले होते. प्रत्येक चालू मायक्रोफोन म्हणजे फिरून येणाऱ्या आवाजास उघडें ठेवलेलें दार. चालू मायक्रोफोनांची संख्या दुप्पट झाली म्हणजे किंकाळीपूर्वीं मिळणारा आवाज सुमारें ३ डेसिबेलनीं कमी होतो. ज्यापुढें कोणी नाहीं तो मायक्रोफोन बंद करावा.

आतां मुख्य प्रश्न: गिटारीपुढें नेमकें कोठें? नवशिक्याचा हात स्वाभाविकपणें गोल छिद्राकडे वळतो. आवाज तेथूनच येतो असें त्यास वाटतें. पण तेथें, वर सांगितलेला पोकळीचा जाड सूर इतका जोरानें बाहेर पडतो कीं, वादन घुमूं लागतें, स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात, आणि शंभर कंपनांच्या आसपासचा सूर सर्वांआधीं घोंगावूं लागतो. त्यांतच, एका दिशेनें ऐकणारे मायक्रोफोन वाद्याच्या फार जवळ नेले असतां जाड सूर स्वभावतःच वाढवून घेतात. घोडीसमोर ठेवला तर आवाज लाकडी व कोरडा येतो. मानेच्या टोंकाकडे ठेवला तर तो पातळ होतो, आणि तारांवरून सरकणाऱ्या बोटांची चीं-चीं ऐकूं येते.

बहुतेक गिटारींस मानवणारी जागा म्हणजे मान आणि अंग यांच्या सांध्याजवळची. शास्त्रीय गिटारींत हा सांधा बहुधा बाराव्या पडद्यापाशीं, तर पोलादी तारांच्या गिटारींत बहुधा चौदाव्या पडद्यापाशीं येतो. मायक्रोफोन बाराव्या पडद्यासमोर, वाद्यापासून सुमारें एक वीत अंतरावर ठेवावा, आणि त्याचें तोंड किंचित् अंगाकडे, छिद्र व सांधा यांच्यामध्यें वळवावें. आवाज पातळ वाटला तर तोंड आणखी थोडें अंगाकडे वळवावें. घुमूं लागला तर मानेकडे. यांत बोटभर फरकानेंहि आवाज बदलतो. म्हणून हें नियमाचें टोंक नसून शोधाचा आरंभ आहे असें समजावें. प्रत्येक गिटार निराळी असते, आणि तीच गिटार निराळ्या हातांत निराळी बोलते.

जागा शोधण्याची एक बिनखर्ची रीत आम्हांस शिकावयास मिळाली. वादकास वाजवूं द्यावें, एका कानांत बोट घालून तो बंद करावा, आणि दुसरा कान गिटारीपुढें वीतभर अंतरावर हळूहळू फिरवावा. जेथें सहाहि तारा सारख्या तोलानें ऐकूं येतात तेथें मायक्रोफोन ठेवावा. एका कानानें ऐकण्याचें कारण असें कीं, दोन कान असले म्हणजे माणसाचें मन नको तें वगळून हवें तें निवडतें. मायक्रोफोनला तेवढें मन नसतें.

वादक गातहि असेल तर अडचण वाढते. त्याच्यापुढें दोन मायक्रोफोन लागतात, आणि त्याचा गळा गिटारीच्या मायक्रोफोनांतहि शिरतो. एकच आवाज दोन ठिकाणीं थोड्या वेळाच्या अंतरानें पोहोंचला म्हणजे कांहीं सूर एकमेकांस मारतात. तळ्यांत दोन दगड टाकले असतां जेथें एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यास भेटतो तेथें पाणी स्थिर राहतें, तसेंच हें. गाणें त्यामुळें पोकळ वाटतें. यावर उपाय म्हणजे दोन्ही मायक्रोफोन आपापल्या उगमाच्या जवळ ठेवणें. मायक्रोफोन उगमापासून जितका दूर असेल त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन मायक्रोफोनांमध्यें असावें, असा जाणत्यांचा संकेत आहे. त्याबरोबरच गिटारीच्या मायक्रोफोनचें तोंड जरा खालीं करावें, म्हणजे त्याची कमी ऐकणारी बाजू गायकाच्या मुखाकडे येते.

येथें कोणी विचारील कीं, एवढा खटाटोप कशाला? घोडीखालीं बसविण्याचे पिकअप मिळतात, ते कां लावूं नयेत? प्रश्न रास्त आहे. कांहीं स्फटिकांवर दाब पडला असतां वीज उत्पन्न होते, हा शोध प्येर व झाक क्युरी या बंधूंनीं १८८० मध्यें लावला. घोडीखालचे बहुतेक पिकअप याच तत्त्वावर चालतात. ते हवेंतला आवाज घेत नाहींत, घोडीवरील दाब घेतात. म्हणून किंकाळीचें भय पुष्कळ कमी होतें. ड्रम वाजत असलेल्या मोठ्या रंगमंचावर तेच उपयोगी पडतात. पण फळीचा व पोकळींतल्या हवेचा आवाज त्यांस फारसा कळत नाहीं. त्यामुळें जोरानें वाजविलें असतां स्वर कोरडे व टणटणीत निघतात. पुष्कळ अनुभवी वादक दोहोंचा मेळ घालतात. आमच्यासारख्या शाळेच्या सभागृहांत, एकट्या गिटारीस, नीट ठेवलेला एक मायक्रोफोन पुरतो.

शेवटीं यंत्रावरील बटणांविषयीं थोडेसें. सर्वांत जाड तारेचा सूर ८२ कंपनांचा आहे. त्याखालीं गिटारींत घेण्याजोगें कांहीं नाहीं, फक्त पावलांचे धक्के व पंख्यांची घरघर असते. म्हणून ८० च्या खालील सूर यंत्रावर कापून टाकावे. मग आवाज हळूहळू चढवीत जावा. एक सूर लांबूं लागला, शीळ घालण्याच्या बेतांत आला, कीं तेथून तो सुमारें ६ डेसिबेलनीं उतरवावा व तेथेंच थांबावें. काठावर चालविलेलें यंत्र केव्हां तोल सोडील याचा नेम नसतो. रिकाम्या सभागृहांतील फरशी व पत्रा आवाज परत फेंकतात. माणसें भरलीं म्हणजे त्यांचीं शरीरें व कपडे तो शोषून घेतात. म्हणून तालमीच्या वेळीं आवाज थोडा अधिक वाटला तरी घाबरूं नये.

असो. या वर्षींच्या संमेलनांत नववींतील एका मुलीची गिटार होती. तालमीच्या संध्याकाळीं आम्हीं त्या जुन्या विद्यार्थ्यास मुद्दाम निरोप धाडला. तो आला व काहीं न बोलतां शेवटच्या बांकावर जाऊन बसला. मुलगी वाजवूं लागली. कर्णे पुढच्या कोपऱ्यांत होते, मायक्रोफोन एकच चालू होता, आणि तो वीतभर अंतरावर होता. "ऐकूं येतें का?" असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "ऐकूं येतें, सर. पण बारीक तारा टोंचतात." मग तो स्वतःच उठून रंगमंचावर आला, एक कान बंद करून गिटारीपुढें वांकला, आणि मायक्रोफोनचें तोंड दोन बोटें अंगाकडे वळवून पुन्हां मागें जाऊन बसला. त्यानंतर कांहीं टोंचलें नाहीं.

त्या संध्याकाळीं दारें बंद करतांना आम्हीं त्याला सांगितलें कीं, दोन वर्षांपूर्वींची चूक आमची होती. मायक्रोफोन चुकीच्या जागीं होता. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मला वाटलें, माझाच हात हलका पडला." दोन वर्षें तो असेंच समजत होता, आणि त्या दोन वर्षांत त्यानें चारचौघांत गिटार वाजविली नव्हती.

विद्यार्थिमित्रहो, संमेलनांत कोणी गाईल, कोणी वाजवील, कोणी पडद्यामागें यंत्रापाशीं बसेल. यंत्रापाशीं बसणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, रंगमंचावरील मुलास आपला आवाज कोठपर्यंत पोहोंचतो हें कळत नसतें. तो त्यानें विश्वासानें आपल्या हातीं सोंपविलेला असतो. आणि पालकांस आमची नम्र विनंति एवढीच कीं, मुलाचें वाजविणें मागच्या बांकावर ऐकूं आलें नाहीं, तर घरीं परततांना त्याला दोष देण्यापूर्वीं मायक्रोफोन कोठें ठेवला होता, याची चौकशी करावी.